गादीवरून उतरल्यावर : एका जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

व्यापाऱ्याला निवृत्ती नाही, असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी म्हणत आली आहेत. सरकारी नोकराला वय झाले की हारतुरे देऊन घरी पाठवितात. व्यापारी मात्र हात थरथरू लागले तरी लोडाला टेकून गादीवर बसलेला असतो. आम्हीही तसेच बसलो असतो. २०२१ च्या दिवाळी-पाडव्यास वहीपूजन आटोपल्यावर तिजोरीच्या किल्ल्या आम्ही चिरंजीवांच्या हाती दिल्या खऱ्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला बेळगावच्या रविवार पेठेतील दुकानात आम्ही हजर! मुलाने भाव सांगावा आणि आम्ही मागून घसा खाकरावा, त्याने कोणास उधार द्यावे आणि आम्ही त्या गिऱ्हाइकाच्या आजोबांची थकबाकी काढावी, असे चार महिने चालले. मुलगा कधी उलट बोलला नाही. परंतु एके दिवशी आमच्या ध्यानात आले, की आम्ही उंबऱ्यात पाऊल टाकताच तो फोनवरचे बोलणे आवरते घेतो. ज्याला आम्ही धंदा शिकविला, त्यालाच आमच्यादेखत धंदा करण्याचा संकोच वाटू लागला होता. त्या दिवशी आम्ही पायांत चपला सरकविल्या आणि मागच्या वखारीकडे गेलो. काही काम होते म्हणून नव्हे, कोठे तरी जावे म्हणून. तेथे रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे आप्पांची फियाट उभी होती.

पुढील बावीस महिने त्या गाडीने आम्हांस जे शिकविले ते येथे सांगण्याचा विचार आहे. आम्ही यंत्रज्ञ नव्हे. प्लग आणि पॉइंट यांतला भेदही आम्हांस वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळला. म्हणूनच ज्या बंधूंच्या वखारीत वा वाड्यात अशी एखादी गाडी धूळ खात उभी असेल त्यांना आमच्या चुका उपयोगी पडाव्यात.

प्रथम गाडीविषयी दोन शब्द. आमची गाडी १९६८ ची ‘फियाट ११०० डिलाइट’. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होत असे, आणि तो उद्योग १९४४ साली उभा करणारे शेठ वालचंद हिराचंद हे १८८२ साली सोलापुरास जन्मलेले, आपल्याच समाजातले. परकी सत्ता असताना हिंदुस्थानात जहाज, विमान आणि मोटार ही तीनही वाहने तयार व्हावीत असा ध्यास घेतलेला हा पुरुष १९५३ मध्ये निवर्तला. त्यानंतर, १९५४ पासून, फियाट ११०० तेथे होऊ लागली. १९६४ मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले, १९७२ मध्ये तिला ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून जिला सर्वांनी पाहिले ती हीच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस या जातीची शेवटची टॅक्सी वयोमर्यादेमुळे मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. याचा आमच्यासारख्यांना एक फायदा आहे. हजारो टॅक्सी चालल्या म्हणून सुटे भागही विपुल निघाले, आणि ऑपेरा हाऊसच्या परिसरात व कुर्ल्याच्या भंगार बाजारात ते शोधणाऱ्याला अजून मिळतात. नवशिक्याने पहिली गाडी निवडताना हाच विचार करावा. दुर्मीळ विलायती गाडीचा मोह सुंदर खरा. पण तिच्या एका रबरी सीलसाठी सहा महिने वाट पाहताना उमेद संपून जाते.

गाडी दिसली म्हणजे लगेच धुऊ नये, आणि चालू करून तर मुळीच पाहू नये. आधी तपासणी करावी. कॅम्प भागातील एका वृद्ध मिस्त्रींना आम्ही घेऊन आलो. त्यांनी बोनेट उघडलेच नाही. खिशातून लोहचुंबक काढला, त्याला फडके गुंडाळले आणि दरवाज्याच्या खालच्या कडेवरून, मडगार्डावरून फिरवीत गेले. जेथे चुंबक धरत नाही तेथे पत्रा उरलेला नसून लांबी भरलेली आहे, असे समजावे. मग पायदान उचलून त्यांनी जमिनीच्या पत्र्यात स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो आरपार गेला. आम्ही म्हणालो, “इंजिन पाहा ना.” ते म्हणाले, “शेठजी, इंजिन गेलं तर बदलता येतं. पत्रा गेला तर गाडीच गेली.” याचे कारण आम्हांस मागाहून उमगले. ट्रक वा जीप यांना खाली लोखंडी सांगाडा निराळा असतो व वर कवच बसविलेले असते. या फियाटला असा निराळा सांगाडा नाही. तिचे कवच हाच तिचा सांगाडा. दरवाज्याखालची पेटीसारखी पट्टी आणि तळाचा पत्रा हीच तिची हाडे. ती गंजली असतील तर वरचा चकचकीत रंग म्हणजे आतून वाळवी लागलेल्या तुळईला तैलरंग दिल्यासारखे आहे. आमच्या गाडीचा तळ चालकाच्या बाजूने गेला होता. बाकी हाडे शाबूत होती.

जाता जाता मिस्त्रींनी विचारले, “कागद कोणाच्या नावावर?” आणि येथे आमची पहिली अडचण उभी राहिली. गाडी आप्पांच्या नावावर होती. ते १९९१ साली गेले. १९९६ मध्ये आम्हां दोघां बंधूंची वाटणी झाली. ती कशी झाली ते सांगण्याचे हे स्थळ नव्हे; इतकेच सांगतो, की वाटणीच्या यादीत या गाडीपुढे ‘नादुरुस्त वाहन, किंमत शून्य’ असे लिहिलेले आहे व ती कोणाच्याच रकान्यात नाही. दोघांपैकी एकालाही ती नको होती असे नाही. दोघांनाही हवी होती, म्हणून कोणीच मागितली नाही. तेव्हापासून दादा शहापुरात आणि आम्ही पेठेत. लग्नकार्यात भेट होई, खुशाली विचारली जाई, एवढाच संबंध.

मालक मृत झाला असेल तर वाहन वारसाच्या नावे करण्यासाठी परिवहन कार्यालयात नमुना ३१ चा अर्ज द्यावा लागतो, आणि इतर वारसांची संमती लागते. हे काम सर्वांत आधी करावे, हे आम्ही कळकळीने सांगतो. नाव स्वतःचे नसताना गाडीवर पैसा घालणे म्हणजे दुसऱ्याच्या जागेत इमला बांधणे होय. आम्ही कागद घेऊन दादांकडे गेलो. वहिनींनी पाणी दिले. दादांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला, सही केली आणि म्हणाले, “चालू होईल ती?” आम्ही “बघू” म्हणालो. त्यापुढे बोलणे झाले नाही.

आता कामाची रीत. येथे व्यापाऱ्याची सवय यंत्रज्ञाच्या विद्येपेक्षा उपयोगी पडते असा आमचा अनुभव आहे. मालाच्या पोत्यावर जसा मार्का घालतो तसा प्रत्येक सुट्या भागावर घालावा. आम्ही मसाल्याच्या जुन्या कापडी पिशव्या घेतल्या. एका पिशवीत एकाच जागेचे नट-बोल्ट-वायसर, आणि पिशवीला चिठ्ठी : ‘डावे पुढचे मडगार्ड, वरून तिसरा, लहान बोल्ट.’ सोडण्यापूर्वी नातू फोनवर छायाचित्र घेई. ज्या दिवशी आळस केला, त्या दिवसाचे चार बोल्ट अद्याप एका डब्यात मालकाची वाट पाहत आहेत. रोजचे काम व रोजचा खर्च कीर्दीत लिहावा. हत्यारे थोडीच पण चांगली घ्यावीत : रिंग पाने, गोटी पाने, चांगला जॅक, आणि गाडी ज्यावर टेकवायची ते चार भक्कम लोखंडी घोडे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कसल्याही घाईत, जाऊ नये. जॅकचे सील केव्हा दगा देईल हे सांगता येत नाही, आणि गाडीचे वजन सुमारे नऊशे किलो असते.

मागची बैठक उचलली तेव्हा काथ्यात उंदराचे घरटे निघाले, आणि त्यात गुलाबी रंगाची, डोळे न उघडलेली पाच पिले. मिस्त्रींचा पोरगा फडके घेऊन पुढे झाला. आम्ही त्याला थांबविले व बैठक होती तशी ठेवली. उंदराचे पिलू सुमारे तीन आठवड्यांत आपले पोट भरू लागते. तेवढे दिवस आम्ही पुढच्या बाजूचे काम केले. मिस्त्री हसले, परंतु पुढे तेच सर्वांना ही गोष्ट सांगत. मात्र त्या कुटुंबाने गाडीतील निम्म्या वायरी कुरतडल्या होत्या, हेही खरे. जुन्या वायरींचे वेष्टन कडक होऊन तडकलेले असते. ते उघडे पडून पत्र्याला टेकले की आग लागते. म्हणून वायरिंग जोडीत बसू नये, संपूर्ण नवे करावे व योग्य फ्यूज घालावेत.

इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. पाव शतक उभे राहिल्याने ते जाम झाले होते. अशा वेळी सेल्फ मारणे किंवा दोर बांधून ओढणे हा आत्मघात आहे. आत चिकटलेली रिंग तुटते व सिलिंडरला चरा पडतो. चारही प्लग काढून प्रत्येक भोकातून थोडे पातळ ऑइल सोडावे आणि स्वस्थ बसावे. आम्ही दहा दिवस बसलो. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हातांनी हलकेच पुढे-मागे डोलवावी. अकराव्या दिवशी ती चार बोटे सरकली आणि पंख्याचे पाते हलले. त्या चार बोटांचा आनंद एखाद्या मोठ्या सौद्याहून कमी नव्हता. पुढे हेड उतरविल्यावर दिसले, की पाण्याच्या वाटा पांढऱ्या क्षाराने बुजल्या आहेत. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. वर्षानुवर्षे नळाचे पाणी घातल्याने ते खाल्ले जाते. रेडिएटरमध्ये कूलंटच घालावे.

पेट्रोलविषयी आजच्या काळात विशेष सावध राहिले पाहिजे. जुने पेट्रोल टाकीत राहून त्याचा वार्निशासारखा डिंक होतो. टाकी उतरवून साफ केल्यावाचून नवे घालू नये. आणि रिकामी दिसली म्हणून टाकीला वेल्डिंग लावू नये, आतील वाफेचा स्फोट होतो. शिवाय २०२५ पर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण गाठले गेले. या गाड्या घडल्या तेव्हा असे इंधन कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते, हवेतील ओल ओढून घेते आणि टाकीच्या तळाशी गंज धरविते. यास्तव पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचा घालावा, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी.

आता आमची सर्वांत मोठी चूक. २०२२ च्या डिसेंबरात इंजिन प्रथम सुरू झाले. धूर झाला, घरातील सर्व मंडळी वखारीच्या अंगणात जमली. मिस्त्री त्या दिवशी परगावी गेले होते. ब्रेकचे काम व्हायचे होते. मास्टर सिलिंडरचे रबर नुसते ऑइल लावून मऊ केले होते व पेडल दाबल्यावर अडकल्यासारखे लागत होते. आम्हांस मोह आवरला नाही. गाडी अंगणातून दारापर्यंत न्यावी म्हणून आम्ही क्लच सोडला. अंगणाला रस्त्याच्या बाजूने उतार आहे. दाराशी आल्यावर ब्रेक दाबला, तो पाय थेट तळाला गेला. दोनदा, तीनदा दाबला, काही नाही. समोर फोन धरून नातू छायाचित्र घेत होता. आम्ही स्टेअरिंग वळविले आणि गाडी रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यांवर जाऊन थांबली. नातू दोन हातांवर होता. कोणी काही बोलले नाही. सूनबाईंनी मुलाला उचलून घरात नेले.

असे का झाले हे प्रत्येकाने समजून घ्यावे. या गाडीला चारही चाकांस ड्रम ब्रेक असून ते द्रवाच्या दाबाने चालतात, आणि सर्व चाकांना मिळून वाट एकच आहे. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक जातात. ब्रेकचा द्रव हवेतील ओल शोषतो, त्यामुळे उभ्या गाडीत सिलिंडर आतून गंजून त्यांस खड्डे पडतात व रबर नीट बसत नाही. आणि आम्ही लावले ते साधे खनिज ऑइल ब्रेकच्या रबराचा वैरी आहे. त्याने रबर फुगते व फाटते. आम्ही दुरुस्ती म्हणून जे केले, तेच अपघाताचे कारण झाले. म्हणून क्रम असा : गाडी हलविण्यापूर्वी मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या, सर्व नवे, लोखंडी नळ्या तपासून घ्याव्यात, द्रव नवा, हवा पूर्ण काढलेली. टायरांची नक्षी शाबूत दिसली तरी जुने टायर फेकून द्यावेत. रबर वयाने कडक होते. या गाडीस ५.२०-१४ मापाचे लागतात. हे सर्व झाल्यावरच इंजिनाला हात लावावा. कोणत्याही पुस्तिकेत इंजिन पहिल्या प्रकरणात असते म्हणून आपणही तेथून आरंभ करावा असे नाही.

दोन दिवस आम्ही वखारीकडे फिरकलो नाही. गाडी भंगारात द्यावी असा विचार जवळजवळ पक्का झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा आले. कोणी त्यांना सांगितले ते आम्ही अजून विचारले नाही. सव्वीस वर्षांनी ते त्या अंगणात उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पोत्यांत रुतलेला बंपर पाहिला आणि म्हणाले, “आप्पा नेहमी म्हणायचे, आधी ब्रेक, मग गाडी. तू तेव्हाही ऐकत नव्हतास.” मग खुर्ची मागवून बसले. त्या दिवसापासून ते रोज दहा वाजता येऊ लागले. गुडघ्यांमुळे खाली वाकता येत नाही; खुर्चीत बसून ते सिलिंडरची रबरे हातात फिरवून पाहत आणि वाईट असेल ते परत पाठवीत.

पत्र्याच्या व रंगाच्या कामात आम्ही एकदा फसलो. एका कारागिराने गंजलेला पत्रा कापून नवा जोडतो असे सांगून पैसे घेतले व गंजावरच लांबी भरली. चुंबक आमच्या खिशात होता. महिनाभर तो लावून पाहण्याचे सुचले नाही एवढेच. सर्व खरवडून पुन्हा केले. एक सूचना : पावसाळ्यात रंग देऊ नये. बेळगावचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. दमट हवेत लॅकरचा रंग पांढुरका पडतो. चातुर्मासात बैठका, काचांची रबरे, डायनामो अशी आतील कामे करावीत. रंग कोणता, यावर घरात मतभेद झाले. चिरंजीवांना लाल हवा होता. डॅशबोर्डच्या मागे, जेथे ऊन पोचलेले नव्हते, तेथे मूळचा फिकट राखाडी सापडला. तोच दिला.

कायद्याचे थोडे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, मूळ रूपात असलेल्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढील नूतनीकरणास पाच हजार. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी नित्याच्या वापरास चालत नाही; प्रदर्शन, मिरवणूक, इंधन व दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आम्हांस गाडी चालवायची होती, म्हणून आम्ही तपासणी करवून साधी नोंदणीच पाच वर्षांसाठी नवी करून घेतली.

खर्चाचा आकडा सर्वजण विचारतात. कीर्दीप्रमाणे तीन लाख एकाहत्तर हजार. त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रा व रंग यांत गेले, आणि सुमारे चाळीस हजार केवळ आमच्या उतावळेपणाचे आहेत. विकायला काढली तर एवढे येतील असा भरवसा नाही. ज्याला यात नफा पाहायचा असेल त्याने दुसरे काही करावे. मुलाच्या दुकानात मात्र आम्ही आता महिन्यातून एकदा जातो, तेही त्याने बोलाविले तर.

२०२४ च्या जानेवारीत गाडी प्रथम गावात काढली. आम्ही चालवीत होतो, दादा शेजारी, मागे वहिनी व आमच्या सौभाग्यवती. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटापाशी गाडी थांबली ती बंद पडली. मागे कर्णे वाजू लागले. आम्ही सेल्फ मारीत राहिलो. दादा म्हणाले, “चोक आत ढकल. गरम गाडीला चोक कशाला?” चोक आत ढकलला आणि ती लागली. गेट उघडले. वेगमापकाचा काटा अजून शून्यावरच आहे. त्याची केबल कुर्ल्याहून यायची आहे, आणि ती बसवण्याचे काम दादांनी स्वतःकडे घेतले आहे.